मातेचे अज्ञान

"कारण काय लिहिलंय ते जरा मोठ्यानं वाच," साहेब म्हणाले.

माईक माझ्या हातात होता. कागदही माझ्याच हातात. कागदावरचा मजकूर मीच टाइप केलेला. आणि माझ्यापासून दोन हातांवर, सव्वा महिन्याचं बाळ छातीशी धरून उभी होती ती माझी सख्खी धाकटी बहीण संगीता. घरात संगी.

मी वाचलं.

"जन्मावेळचं वजन एक किलो आठशे. कमी वजनाचं कारण, मातेचे अज्ञान."

आवाज माझा खणखणीत आहे. शाळेत असल्यापासून वस्तीतल्या जयंतीचं सूत्रसंचालन मीच करतो. त्यामुळे शब्द मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचले. आधी एक बाई हसली. मग तिच्या शेजारच्या दोघी. मग बाप्ये.

आमच्या दवाखान्यात सुदृढ बालक स्पर्धा होती. पहिला नंबर बापूसाहेबांच्या नातवाचा आला होता. बापूसाहेब म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर, सगळ्यात मोठी जमीन. नातू काट्यात बसला तो कमरेला चांदीचा करदोडा, पायात वाळे, हातात कडी आणि अंगात मखमली जाकीट घालून. त्यातलं बाळ किती आणि चांदी किती, हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. संगीचं पोरगं उघडं होतं. ते रडतही नव्हतं. रडायला अंगात ताकद लागते.

साहेब म्हणजे तालुक्याचे आरोग्य अधिकारी. त्यांनी एका हातानं इकडं दाखवलं, एका हातानं तिकडं. "दोन्ही याच गावात जन्मली. हवा तीच, पाणी तेच. मग फरक कशाचा? आईचा. एक आई जागरूक, एक आई अडाणी."

एक बाळ नऊ महिन्यांचं होतं आणि दुसरं सव्वा महिन्याचं, हे साहेबांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं. दोन्ही वयं मीच टाइप केली होती. मी कागदाची घडी घातली.

संगी रडली नाही. तिनं बाळाचं टोपडं सरळ केलं. माझ्याकडं एकदाच बघितलं, अनोळखी माणसाला रस्ता विचारावा की नको असं बघतात तसं. आणि उतरून चालायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याच वस्तीतली ना ती? तुमच्यात हेच आहे बघ. सवलती आल्या, सुधारणा आली नाही. तू तेवढा वेगळा निघालास."

"ही माझी बहीण." तीन शब्द. टाइप करायला मला दोन सेकंद लागले नसते.

मी म्हणालो, "हो सर."

आणखी एक गोष्ट कबूल करतो, कारण तीच जास्त लाजेची आहे. 'वेगळा निघालास' हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं होतं.

आता हे सगळं घडलं कसं, तर माझ्याच हुशारीनं.

मी देवगाव फाट्याच्या अलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी डाटा ऑपरेटर आहे. शिक्षण एम. ए. इस्त्रीचा शर्ट. वस्तीतून दवाखान्यात खुर्चीवर बसणारा पहिला माणूस. म्हणजे खुर्ची प्लास्टिकची, आणि तिचा एक पाय आखूड आहे. पण खुर्ची.

दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद मी संगणकात करतो. वजन अडीच किलोच्या खाली असलं की पडद्यावर एक यादी उघडते : कारण निवडा. आठ पर्याय. रक्ताची कमतरता. दोन बाळंतपणांत कमी अंतर. अवजड काम. अपुरा आहार. असे खाली खाली. आणि सगळ्यात वर, पहिला पर्याय : मातेचे अज्ञान.

गंमत अशी की खालचा कोणताही पर्याय निवडला तर पुढं एक लांबलचक पान उघडतं. रक्त किती होतं, गोळ्या किती मिळाल्या, किती महिन्यांपर्यंत काम केलं, कोणतं काम, पाणी कुठून आणलं. ते भरायचं तर बाळंतिणीच्या खाटेजवळ जाऊन विचारावं लागतं. पहिला पर्याय निवडला तर काहीच उघडत नाही. एंटर मारला की पुढचं बाळ.

मी एंटर मारायचो. तीन वर्षं. माझा वेग तालुक्यात नावाजलेला. महिन्याच्या बैठकीत साहेब बाकीच्यांना सांगायचे, "या पोराकडनं शिका. एक नोंद मागं नाही." आणि मी खाली बघून हसायचो, नव्या नवरीसारखा.

आईचं वजन हाही एक रकाना होता. बायकांचा काटा बंद पडलेला. म्हणून मी सगळ्या आयांचं वजन बेचाळीस टाकायचो. चार आणि दोन. बटणं जवळजवळ आहेत, बोटाला बरं पडतं. माझ्या संगणकावर विश्वास ठेवला तर या भागातली प्रत्येक गरोदर बाई अगदी एका मापाची आहे.

संगी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली, आमच्याच दवाखान्यात मोकळी झाली. एक किलो आठशे. त्या दिवशी माझ्याकडं अकरा नोंदी तुंबल्या होत्या. तिचं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी ओळखलं. ओळखलं नाही असं लिहायला मला आवडलं असतं. कारण निवडा आलं. बोट सवयीनं गेलं. एंटर. पुढचं बाळ.

मग साहेब म्हणाले, स्पर्धेच्या दिवशी एखादं कमी वजनाचं बाळही आण, लोकांना फरक दाखवू. मीच संगीला म्हणालो, "कार्यक्रम हाय. चांगलं पातळ नेस. फोटो निघल, खाऊचं पाकीट भेटल." ती बिचारी बाळाला तीट लावून आली.

त्या दिवशी मी घरी पोचलो तर संगी निघून गेली होती. थोरली पोरगी कडेवर, बाळ झोळीत, जीपमध्ये बसून सरळ वालूरकडं, सासरी. आईनं ताट वाढलं आणि पाठ फिरवली.

वेळेआधी न जन्मताही इतकं हलकं आलेलं पोर, त्याचं दर आठवड्याला वजन बघावं लागतं. वाढतंय का, दूध ओढतंय का, अंग गार पडतंय का. एक आठवडा गेला. संगी आली नाही. दुसरा गेला. फोन लावला तर उचलेना. तिच्या सासरजवळच्या, आमच्याच दवाखान्याखालच्या उपकेंद्रात विचारलं, तिथंही गेली नव्हती.

आमच्या वस्तीच्या आशाताई म्हणजे मथुरामावशी. वस्तीतल्या अर्ध्या पोरांच्या नाळा त्यांच्या डोळ्यांसमोर कापल्या गेल्या, त्यात माझीही. माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलास?"

"नोंदी, मावशी."

"कर. भाच्याची बी एक करून ठीव आत्ताच. मंग नंतर धावपळ नको."

"कसली?"

"मेल्याची," मावशी म्हणाल्या. "तिचं कारन काय टाकशील? पयलंच आसल."

मावशींनी भिंतीवरचा झोळीचा काटा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "जा. आन् इस्त्रीचा शर्ट काढून जा. तिथं कोन न्हाई बघनारं."

संगीचं घर गावाच्या कडेला, विहाराच्या मागं. मी पोचलो तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या, घरभर धूर. बाळ मांडीवर. मला बघून उठली नाही.

"ये," म्हणाली. "आडान्याच्या घरी कसा काय आलास?"

"बाळाचं वजन करायचंय."

"कर की. काटा तुझाच, लिहिनारा तूच."

मी आढ्याला काटा टांगला. झोळीत बाळ ठेवलं. काट्याची सुई थरथरली आणि थांबली. दोन किलो तीनशे. स्पर्धेच्या दिवशी दोन किलो चारशे होतं. दोन आठवड्यांत वाढायच्या जागी शंभर ग्रॅम गेले होते. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. धूर होता, म्हणून पुसले असं समजा.

"संगे, हे घटलंय. दवाखान्यात चल. आत्ता."

"जितं मला चारचौघांत तसं म्हन्ले, तितं मी पाय ठिवत न्हाई."

"अगं पोराचा जीव हाय."

"ठाव हाय मला. मला समदं ठाव हाय, दादा." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुला तुझं रक्त किती हाय ठाव हाय का?"

मला नव्हतं.

"माझं पाचव्या महिन्यात आठ पॉइंट एक होतं. सातव्यात सात पॉइंट दोन. लाल गोळ्या दोन महिने आल्याच न्हाईत. मी तीनदा गेलते इचारायला. आल्या की सांगू, म्हन्ले. मला आकडे पाठ हायेत. बारावी पास हाय मी. आता सांग, अज्ञान कुनाचं?"

मी पिशवीतून कागद काढला. तेच लांबलचक पान, छापून आणलेलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी ते पूर्ण वाचत होतो.

"कोणतं काम करत होतीस, आणि कितव्या महिन्यापर्यंत?"

"कापूस येचला. सातवा लागंपतूर. बापूसायबाच्याच वावरात."

"तू तर इथं, आणि त्यांचं वावर..."

"त्येंचं वावर इकडं बी हाय. जिकडं बघावं तिकडं हाय." ती हसली, पण डोळे नाही हसले. "रोज सांजच्याला कापसाचं वजन व्हायचं. एक बोंड इकडचं तिकडं न्हाई. माझ्या कापसाचं वजन रोज झालं, दादा. माझं वजन कवा झालं, सांग."

माझ्या संगणकात मात्र झालं होतं. तिचं वजन बेचाळीस होतं. माझ्या बोटाला बरं पडत होतं म्हणून.

"पाणी?" मी पुढचा प्रश्न वाचला.

"वावरात माठ होता. आमी हात लावायचा न्हाई. वरून कुनी वतलं तर प्यायचं, न्हाई तर सांजपतूर तसंच."

साहेब म्हणाले होते, पाणी तेच.

मी लिहीत गेलो. थोरली पोरगी जेमतेम सव्वा वर्षाची असताना हा पोटात राहिला. सातवा लागला की पोट भरून खायचं नाही, बाळ मोठं झालं तर अडतं, असं सासू म्हणायची, आणि सासूला तिच्या सासूनं तसंच सांगितलेलं. सासू दारात बसून ऐकत होती. म्हणाली, "म्या चुकले आसन बाबा. पर मला कोन येऊन सांगितलं?" सांगायला यायचा एक रकाना होता. घरभेट. त्यात मी प्रत्येक महिन्याला 'झाली' असं टाकलेलं होतं.

कागद भरत आला. मला वाटलं, संपलं. मी पेनाला टोपण लावलं.

"थांब," संगी म्हणाली. "एक राह्यलं. लिही. दादा."

"काय दादा?"

"कारन. दादा. तूच."

मी हसायचा प्रयत्न केला.

"मला बी. ए. करायचं होतं. तूच म्हन्लास, चांगलं स्थळ हाय, हातचं जाईल."

हे खरं होतं. वर मी ते अभिमानानं सांगत फिरायचो. घरचे सतराव्या वर्षी उरकायला निघाले होते, मी कायदा दाखवून थांबवलं. किती थांबवलं, तर अठरा पूर्ण होऊन दोन महिने होईपर्यंत. आमच्या वस्तीतला समाजसुधारक तो मीच.

"मी आठव्यात माहेरी आले. आईचे गुडघे गेलेले. हापशाचं पानी कोन आनलं? तुझ्या शर्टाला डाग पडतो म्हनून मीच ना. मथुरामावशीनं सांगितलं, रोज दोन अंडी खात जा. आई रोज दोन उकडायची. कुनी खाल्ली?"

मी खाल्ली होती. आई ताटात वाढायची, 'कामावर जातोस' म्हणायची, आणि मी विचारायचो नाही की ही कुणाची. सकाळी बहिणीची अंडी खाऊन मी दवाखान्यात जायचो आणि दिवसभर 'मातेचे अज्ञान' टाइप करायचो.

पेनाचं टोपण पुन्हा काढलं. लिहिलं : भाऊ.

"आता चलशील?" मी विचारलं.

"चलन. पर एका बोलीवर. ज्या तोंडानं ते वाचलंस, त्याच तोंडानं हे वाच. त्याच मान्सांपुढं. त्याच सायबापुढं. तू वाचलं की मी पोराला घिऊन काट्याजवळ येते."

"माझा करार मार्चला संपतोय, संगे. साहेबांच्या सहीवर हाय तो."

ती बाळाकडं बघत म्हणाली, "ह्याचा कवा संपतो, त्ये बी तूच लिही मंग."

त्या संध्याकाळी दवाखान्यात येऊन मी तिची नोंद उघडली. पहिला पर्याय काढला. खालचे चार निवडले, सगळी पानं भरली. शेवटी संगणकानं विचारलं : दुरुस्तीचे कारण लिहा. यादी नव्हती. नुसती रिकामी चौकट. पहिल्यांदाच मला स्वतःच्या डोक्यानं काहीतरी लिहायचं होतं. मी लिहिलं : नोंद करणाऱ्याचे अज्ञान.

मग आधीची नोंद उघडली. मग तिच्या आधीची. नावं ओळखीची होती. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवरच्या, आमच्या वस्तीतल्या, धनगरवाड्यातल्या. यांचं खरं कारण मला माहीत नव्हतं, म्हणून पहिला पर्याय काढून चौकटीत तेवढंच लिहिलं. नोंद करणाऱ्याचे अज्ञान. आता प्रत्येकीच्या दारात जाऊन विचारावं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "हा काय चावटपणा आहे? वरून विचारणा झाली. एवढ्या दुरुस्त्या?"

"सर, चूक झाली होती."

"आहे तसं परत कर. परवा महिलांची सभा आहे, मी येतोय, समोरासमोर बोलू."

मी 'हो सर' म्हणायला तोंड उघडलं. सवय. मग बंद केलं. साहेब दोन वेळा हॅलो हॅलो म्हणाले आणि फोन ठेवला. मी मथुरामावशींना सांगितलं, संगीला निरोप धाडा, परवा वाचतोय.

सभेला तोच मंडप, तीच सतरंजी. बापूसाहेबांची सून पुढच्या खुर्चीत, नातू मांडीवर. साहेब मधोमध. मथुरामावशी काट्याजवळ. मंडपाच्या बाहेर, उन्हात, संगी उभी होती. आत येत नव्हती. बाळाच्या तोंडावर पदर.

स्वागत मलाच करायचं होतं. माईक हातात घेतला. एवढा सूत्रसंचालक माणूस, सुरुवातीलाच चुकलो. समोर सगळ्या महिला, आणि मी "सर्व बालकांचं सहर्ष स्वागत" म्हणालो. बायका हसल्या. एका अर्थी बरं झालं. पुढं आणखी चुकायची भीती राहिली नाही.

"मागच्या कार्यक्रमात मी एक कारण वाचलं होतं. ते चुकीचं होतं. ज्या बाळाचं वाचलं त्याची आई माझी बहीण आहे. खरी कारणं आता वाचतो."

साहेब म्हणाले, "हा विषय आजचा नाही."

मी वाचायला लागलो. रक्त सात पॉइंट दोन. गोळ्या दोन महिने नव्हत्या. सातव्या महिन्यापर्यंत कापूस. कुणाच्या शेतात तेही वाचलं. माठ वाचला. पुढच्या खुर्चीतली बाई मांडीवरच्या पोराचे वाळे चाचपायला लागली.

साहेबांनी हात केला आणि माईक बंद झाला. मी वाचत राहिलो. आवाज माझा चांगला आहे, ते सांगितलंच आहे. घरभेट झाली नाही, झाली असं मी लिहिलं. आईचं वजन कुणी केलं नाही, बेचाळीस मी लिहिलं. लग्नाची घाई केली, ती मी. तिच्या वाट्याची अंडी खाल्ली, ती मी.

कुणीच हसलं नाही. मागच्या रांगेतून एक बाई उठली आणि म्हणाली, "माझ्या पोरीचं बी बेचाळीसच लिवलंय का रे तुवा?"

"हो, मावशी."

"कोनाला इचारून?"

या प्रश्नाला यादीत पर्याय नव्हता.

साहेब उठले. माझ्याजवळून जाताना हळू म्हणाले, "तुला वेगळा समजत होतो. तूही त्यांच्यातलाच निघालास."

"हो," मी म्हणालो. सर नाही म्हणालो.

संगी आत आली. सतरंजीवरून सरळ काट्याजवळ गेली, बाळाला झोळीत ठेवलं. सुई थरथरली. दोन किलो साडेतीनशे. पन्नास ग्रॅमच वाढले. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी होतं तेवढंही नाही. मथुरामावशींनी आकडा लिहिला आणि संगीला म्हणाल्या, "ह्याला घिऊन आत्ताच परभनीला जायचं. गाडी बोलावली हाय." संगी माझ्याकडं न बघता गाडीत बसली. थोरलीला माझ्या कडेवर देऊन गेली, तेवढंच.

पोरगं अजून परभणीच्या दवाखान्यात आहे. काय होईल मला सांगता येत नाही.

मार्चला माझ्या करारावर सही होईल असं वाटत नाही. तोपर्यंत खुर्ची माझी आहे, आखूड पायासकट. रोज सकाळी हापशावर दोन खेपा करून जातो, शर्टाला डाग पडतात. दिवसभर नोंदी तुंबतात. तालुक्यात आता माझा वेग सगळ्यात कमी आहे. कारण प्रत्येक बाळंतिणीच्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसतो आणि विचारतो : रक्त किती होतं, काय काम केलं, कुणाच्या शेतात, पाणी कुणी दिलं, तुमच्या वाट्याचं कुणी खाल्लं. शेवटचा प्रश्न फॉर्ममध्ये नाही. तो मी छापलेल्या पानाच्या समासात लिहितो.

पहिला पर्याय अजूनही यादीत सगळ्यात वर आहे. तो तिथून काढायचा अधिकार मला नाही. पण ज्या बोटानं तो दाबला जातो, ते बोट माझं आहे. ते आता तिथं जाणार नाही. आणि माझ्या जागी जो येईल, त्याला खुर्चीवर बसवण्याआधी बाळंतिणीच्या खाटेजवळ नेऊन उभा करणार आहे.